जुन्या घराच्या दगडी नक्षीला हात लावण्यापूर्वी

‘दर्शनी कमानीला काळा ऑइलपेंट मारला तर चालेल का?’ ‘जोत्याच्या दरजा मोकळ्या झाल्यात, सिमेंटने भरून घेऊ ना?’ ‘भाऊ म्हणतात पाडून स्लॅबचं घर बांधू, पण दारावरचा कोरीव गणपती नव्या घरात बसवता येतो का?’

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागातल्या वाचकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला मुंबईचे भाऊबंद जमले की घराचा विषय निघतो. सुट्टी चार दिवसांची असते, त्यामुळे निर्णयही चार दिवसांतच उरकला जातो. शंभर वर्षे उभ्या असलेल्या घराला एवढी घाई परवडत नाही. म्हणून हा लेख.

तो मुख्यतः साधारण १९०० ते १९४० या काळात बांधलेल्या घरांसाठी आहे. तेव्हा मुंबईत जुन्या शैली नव्याने वापरण्याची लाट होती. जॉर्ज विटेट यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) कुर्ल्याच्या करड्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात उभे केले, त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आणि आत नाशिकच्या एका वाड्यातला लाकडी मंडपही बसवला. गावाकडच्या घरांतही अशी सरमिसळ छोट्या प्रमाणात दिसते: खाली चिरेबंदी जोते, दाराला महिरपी किंवा टोकदार कमान, सुरूदार खांब, केळफूल आणि वर बिडाचा कठडा. या शैलीला नाव काय द्यायचे याची चिंता सोडा. दुरुस्तीचा निर्णय घेताना तीनच गोष्टी कळायला हव्यात: नक्षी कशाची आहे, ती भार घेते का आणि पाणी कुठून शिरते.

आधी ओळखा: दगड, चुनेगच्ची की सिमेंट?

लांबून दगडासारखे दिसणारे सगळेच दगड नसते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना घरासमोर उभे राहा. घराची किल्ली हातात असू द्या.

- घडीव काळा दगड. जोते, पायऱ्या, उंबरा, दाराची दगडी चौकट, खांबाखालचे तळखडे, भिंतीच्या कोपऱ्याचे चिरे बहुधा याचे असतात. तिरप्या उन्हात टाकीचे घाव दिसतात. किल्लीने ओरखडला तर दगडाला काही होत नाही, उलट किल्लीचीच रेघ त्यावर उमटते.
- चुनेगच्ची. विटेवर चुन्याचे थर देऊन उठवलेले मोर, वेली, कमानीवरचे फूल, गजलक्ष्मी. किल्लीने हलके खरवडले की पांढरी पूड येते. टवका उडालेल्या जागी आतली वीट दिसते.
- सिमेंटचे ओतीव काम. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाल्यावर हा माल हळूहळू बाजारात आला. १९२०-३० नंतरच्या घरांत कठड्याचे बुटके खांब आणि जाळ्या याच्या असू शकतात. सगळे नग एका मापाचे असतात, साच्याची शिवण दिसते, फुटलेल्या ठिकाणी गंजलेली सळई डोकावते.

एकाच दारावर तिन्ही असू शकतात: चौकट दगडाची, कमान चुन्याची, वरचा कठडा सिमेंटचा. तिघांचे औषध वेगळे आहे. सरसकट एकच रंग किंवा एकच रसायन मारणारा माणूस या तिघांपैकी दोघांचे नुकसान करतो.

घराचे वय ठरवा

कोनशिलेवर किंवा गणेशपट्टीवर शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८-२९. आकडा सापडला नाही तर मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा नमुना ८, जुनी खरेदीखते पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले घरगुती कागद मोडीत असू शकतात. ते रद्दीत टाकू नका, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. वयाचा उपयोग पुढे कायद्याच्या बाबतीत होतो, म्हणून हे काम टाळू नका.

कोणता दगड भार घेतो?

आजच्या घरात दगड बाहेरून चिकटवतात. तुमच्या घरात तो तसा नाही. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड फुलासारखा कोरला असेल, पण तो काढला तर कमान बसते. भिंतीतून बाहेर आलेले दगडी हस्त सज्ज्याचे ओझे पेलतात. तळखडा नुसता शोभेला नाही. लाकडी खांबाचे बूड जमिनीच्या ओलीपासून उचलून धरणे हे त्याचे काम. फरशी टाकताना ओसरीची पातळी वाढवून तळखडे गाडून टाकलेली घरे मी पाहिली आहेत. तिथे खांबाचा खालचा वीतभर भाग कुजायला लागतो आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

भिंतीचेही तसेच. जाड दगडी भिंत अखंड नसते. बाहेरचा घडीव थर, आतला थर आणि मध्ये दगड-चुन्याची किंवा दगड-मातीची भर अशी ती असते. दोन्ही थर बांधून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड घालतात. ते कमी असतील किंवा आतली भर वाहून गेली असेल, तर बाहेरचा थर पोट काढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माती आणि दगडाच्या भिंती अशाच दुभंगून कोसळल्या होत्या. म्हणून भिंतीला ओळंबा लावून पाहा. फुगवटा दिसला तर नक्षीचा विचार बाजूला ठेवा, आधी टेकू द्या आणि संरचना अभियंत्याला बोलवा.

भेग दिसली म्हणून घाबरू नका. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, शाबूत राहिली तर भेग जुनी आहे. यासाठी वर्षभर थांबावे लागते, पण अनाठायी पाडापाडी वाचते.

दुखणे दरजेत असते

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सहजासहजी झिजत नाही. पूर गावच्या कुकडेश्वराच्या किंवा पारुंड्याच्या ब्रह्मनाथाच्या देवळात जा, काही शतकांचे घडीव काम बोटाने चाचपून पाहा. बिघडते ते दोन दगडांमधल्या जागेत. तिथला चुना झिजतो, पाणी आत जाते, भर सैल होते, तुळयांची टोके भिजतात, लोखंडी कड्या गंजून फुगतात आणि शेजारच्या दगडाचा टवका उडवतात. टवका उडाला की आपण म्हणतो, ‘दगड कुजला.’ प्रत्यक्षात दगडाला आतून ढकलले गेलेले असते.

नक्षी वाचवायची असेल तर दरजा वाचवा. आणि दरजेत सिमेंट घालू नका.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. आमच्या घराच्या दर्शनी भिंतीच्या दरजा एका उन्हाळ्यात सिमेंटने भरून घेतल्या. काम नीटनेटके दिसत होते, गावात कौतुकही झाले. पुढच्या पावसाळ्यांत आतल्या बाजूला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, धरला, माजघरातल्या दोन तुळयांची भिंतीतली टोके भुसभुशीत झाली. सिमेंट कडक असते आणि ओल बाहेर सोडत नाही. चुन्याची भिंत थोडी हलते, थोडी श्वास घेते. तिच्या दरजेत सिमेंट बसवले की दगडाच्या कडेला केसाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी आत जाते आणि परत येताना त्याला वाट मिळत नाही. मग ते सापडेल तिथून, म्हणजे लाकडातून, आतल्या गिलाव्यातून बाहेर पडते.

आधीच सिमेंट भरले असेल तर? सगळे एका दमात काढायला लावू नका. जिथे ते आपोआप सुटले आहे तिथून सुरुवात करा, हातोडी आणि बारीक छिन्नीने. ग्राइंडर दरजेत घातला की दगडाची कड कापली जाते आणि घडीव दगडाची सगळी शोभा त्या कडेतच असते.

चुना कसा, केव्हा

बरेच गवंडी सांगतात, ‘चुना आता मिळत नाही.’ तो मिळतो, फक्त थोडी शोधाशोध करावी लागते. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणून पाण्यात विरवता येते किंवा पाण्यातही घट्ट होणारा तयार चुना पोत्यांत विकत घेता येतो. पूर्वी दख्खनमध्ये काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे भाजून चुना करत. त्यात मूळचीच थोडी चिकणमाती असल्याने तो चुना ओलीतही धरत असे. आज तशाच गुणासाठी चुन्यात सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची पूड, घालतात.

- चुनकळी विरवल्यावर निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवा. जास्त ठेवली तर उत्तमच. नीट न विरलेला खडा भिंतीत जाऊन फुलतो आणि दरज उकलतो.
- एक भाग चुन्याला साधारण दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी मिळून. वाळू धुतलेली हवी. नेमके प्रमाण घराच्या जुन्या चुन्याचा तुकडा पाहून आणि नमुना करून ठरवा.
- दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल साफ करा, पाणी मारून ओली करा, मग चुना दाबून भरा. दगडाच्या तोंडावर चुना फासू नका. दरज किंचित आत राहू द्या.
- निदान दहा-पंधरा दिवस ओले गोणपाट लावून ठेवा. चुना उन्हात भराभर वाळला तर त्याची पूड होते.
- विरवताना पाणी उकळते, चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. मुलांना अंगणातून हलवा.

जुन्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत. हिरडा तर आपल्याच पश्चिम पट्ट्यातला, आदिवासी कुटुंबे तो गोळा करून विकतात. त्याचे पाणी घालायला हरकत नाही. पण चुना नीट विरवला नसेल, वाळू मातकट असेल, तर गूळ-हिरड्याने काही सुधारत नाही. ‘पारंपरिक मसाला’ म्हणून जादा दर लावणाऱ्याला आधी चुना किती दिवस भिजवला ते विचारा.

हंगाम महत्त्वाचा. घाटघर किंवा आहुप्याकडच्या धुवाधार पावसात आणि बेल्हे-आळ्याच्या कोरड्या हवेत एकच वेळापत्रक चालत नाही. ढोबळमानाने दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत दरजा संपवाव्यात. एप्रिल-मेमध्ये करायचे झालेच तर सावलीसाठी हिरवे कापड बांधा आणि पाणी मारायला माणूस ठेवा.

रंग, लोणा, झाडे

ऑइलपेंट दगडाला लावू नका. तो लावायला एक दिवस पुरतो, काढायला पंधरा दिवस लागतात. आधीच लावलेला असेल तर लेप देऊन रंग मऊ करणारे द्रावण वापरा आणि लाकडी पट्टी किंवा नायलॉनच्या ब्रशने काढा. पायरीच्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी वीतभर नमुना करून आठवडाभर पाहा, मगच पुढे चला. वाळूचा फवारा, ॲसिड, ग्राइंडरची पॉलिश चकती या तीन गोष्टींना करारातच मनाई लिहा. टाकीचे घाव एकदा पुसले की ते परत येत नाहीत. चुनेगच्चीवर तर ॲसिडने नक्षीच विरघळते.

लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झाडून टाका, पाण्याने धुऊ नका. धुतले की मीठ परत आत जाते. पाणी कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा तुटलेली पन्हळ, भिंतीला टेकवलेला मातीचा ढीग किंवा न्हाणीघराचा पाइप सापडतो.

दरजेत उगवलेला पिंपळ, वड, उंबर ओढून काढू नका. मूळ दगडासकट येते. बुंधा कापा, मूळ मरू द्या, सुकल्यावर ती पोकळी चुन्याच्या पातळ मिश्रणाने भरून घ्या. पिंपळ तोडायला घरातली मोठी माणसे नाही म्हणतात. रोप दोन पानांचे असतानाच काढून कुंडीत लावले तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

तुटलेली नक्षी

कमानीवरच्या फुलाची एक पाकळी गेली आहे, म्हणून फूल बदलू नका. झीज ही मोड नव्हे. पाणी साठत नसेल आणि तुकडा पडण्याचा धोका नसेल तर आहे तसे राहू द्या.

भाग मोठा गेला असेल तर त्याच जातीच्या दगडाचे ठिगळ बसवता येते. आपल्या भागात ठिकाणानुसार दगड बदलतो: कुठे घट्ट, एकजीव, निळसर काळा, कुठे पांढऱ्या खड्यांचे ठिपके असलेला. ठिपक्यांचा दगड ठिपक्याच्या जागी कमजोर असतो, बारीक नक्षीला तो घेऊ नका. जोडायला स्टेनलेस स्टीलची पिन वापरा, साधे लोखंड नको. सिमेंटचा गोळा थापून त्याला काळा रंग देणे सर्वांत वाईट: चार वर्षांत रंग उडतो, गोळा सुटतो आणि जाताना जुन्या दगडाचा पापुद्रा घेऊन जातो.

चुनेगच्चीची दुरुस्ती चुन्यानेच, पातळ थरांत, एक थर आवळल्यावर दुसरा देत. सिमेंटच्या ओतीव कामाची सळई गंजली असेल तर ती उघडी करून साफ करावी लागते, वरून लिंपून भागत नाही.

कारागीर आणि करार

पाथरवट वेगळा आणि गवंडी वेगळा. मूर्ती घडवणारा माणूस जुन्या कमानीचा दगड बदलू शकेलच असे नाही. त्याने केलेले एखादे जुने काम, दोन पावसाळे झालेले, स्वतः जाऊन पाहा. घर मोठे असेल किंवा भिंत हलली असेल तर जतनकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा सल्ला घ्या. इनटॅक या संस्थेची पुण्यात शाखा आहे, तिथून अशी नावे मिळू शकतात. लेखी करारात एवढे तरी असावे:

- कामाआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक कोरीव दगडाचे छायाचित्र, मोजपट्टी शेजारी धरून.
- एक मीटर लांबीचा नमुना. तो तुम्हाला पसंत पडल्यावरच पुढचे काम आणि तोच नमुना बाकीच्या कामाची कसोटी.
- दर कशाचा: दरजेच्या लांबीचा की भिंतीच्या क्षेत्रफळाचा? वाद इथेच होतात.
- काढलेला प्रत्येक दगड मालकाचा. तुटका असला तरी आवाराबाहेर जाणार नाही.
- पैसे टप्प्यांनी. काही रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून.

परवानगी कुणाची लागते?

इथे सर्वाधिक गोंधळ आहे. क्रमाने पाहू.

*स्थानिक संस्था.* जुन्नर शहरात नगरपरिषद, मंचरला नगरपंचायत, बाकी गावठाणांत ग्रामपंचायत. दरजा भरणे, रंग काढणे, कौले बदलणे अशी साधी डागडुजी आणि भिंत उतरवून पुन्हा बांधणे यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी परवानगी लागते. पहिल्यासाठीही कामाआधी माहितीचा अर्ज देऊन पोच घ्या. शेजाऱ्याने तक्रार केली तर ती पोच उपयोगी पडते.

*केंद्र संरक्षित स्मारकाजवळचे घर.* शिवनेरी आणि जुन्नरभोवतीची लेणी यांमुळे हा नियम आपल्याकडे प्रत्यक्ष लागतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. अंतर हद्दीपासून मोजतात, डोळ्यांना दिसणाऱ्या तटापासून नाही.

- १०० मीटरच्या आत नवे बांधकाम होत नाही. पण तुमचे घर १६ जून १९९२ च्या आधीचे असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘इथे काहीच करता येत नाही’ हे म्हणणे चुकीचे आहे.
- मात्र घर पाडून बसलात तर दुरुस्त करायला उरत नाही आणि नवे बांधता येत नाही. या पट्ट्यात जुने घर पाडणे म्हणजे स्वतःचा हक्क स्वतः गमावणे.
- पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती होते. कायद्यातले टप्पे धरले तर तीन-चार महिने जातात.
- विनापरवानगी काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. शंका असेल तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या पुणे कार्यालयाला लेखी विचारा.

*घर वारसा यादीत आहे का?* राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे. पण घर जुने आहे म्हणून ते आपोआप यादीत जात नाही. यादी आहे का, त्यात आपले नाव आहे का, हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

‘धोकादायक’ची नोटीस आली तर

पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा येतात. नोटीस शांतपणे वाचा. दुरुस्त करा, आधार द्या किंवा उतरवा, यांपैकी काय सांगितले आहे ते पाहा. मुदतीत लेखी उत्तर द्या, संरचना अभियंत्याचा अहवाल जोडा, दुरुस्तीचा कार्यक्रम तारखांसह लिहा. धोका एका सज्ज्यापुरता असेल तर तेवढा भाग उतरवण्याची तयारी दाखवा. गप्प बसू नका, आणि खरोखर धोका असेल तर नक्षीच्या मायेपोटी माणसांना त्याखाली झोपवू नका.

भाऊबंद, शेजारी, भाडेकरू

मालमत्ता पत्रकावर जेवढी नावे, तेवढ्या संमती. मुंबईत, सुरतेत असलेल्या चुलत भावाची सही राहिली तर तो दिवाणी न्यायालयातून मनाई आणू शकतो. पेठेतल्या घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. कामाआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. सामाईक भिंतीतला कोनाडा किंवा चिरा शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय काढू नका.

तुम्ही भाडेकरू असाल आणि तुमच्या जागेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाचे काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर तुम्ही ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पावत्या जपा.

पाडायचेच ठरले तर

सगळीच घरे वाचत नाहीत. वाटण्या झाल्या, छप्पर गेले, कुणी राहायला नाही, हे मी समजू शकतो. आंबेगाव तालुक्याला नाव देणारे मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. पण जेसीबीने पाडणे आणि दगड उतरवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

1. दर्शनी भागाचा चौरस आखून मोठा नकाशा काढा.
2. प्रत्येक घडीव दगडाला क्रमांक द्या. तो मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला रंगाने लिहा, खडूने नको.
3. कमान उतरवण्याआधी तिच्या आत लाकडी साचा उभा करा. दगड वरून खाली, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढा.
4. दगड जमिनीवर थेट नको, फळ्यांवर, थरांमध्ये गोणपाट घालून ठेवा.
5. नव्या घरात दाराची चौकट, उंबरा आणि पायऱ्या खऱ्या कामाला लावा: पायरी म्हणून, उंबरा म्हणून. आरसीसीच्या खांबावर कापून चिकटवलेला कोरीव दगड पातळ होतो, वजनाने सुटतो आणि माणसाच्या डोक्यावर येऊ शकतो.

मधला मार्गही आहे. दर्शनी सोपा आणि जोते ठेवून मागे नवे बांधणे. जुन्नर तालुका २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला, शिवनेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. दर्शनी दोन खोल्या नीट करून शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत देता येतात का, याचा हिशोब पाडण्याचे टेंडर काढण्याआधी एकदा मांडून पाहा.

दारात उभा असलेला खरेदीदार

‘जुनी चौकट, जुना गणपती, तळखडे घेतो’ म्हणत गाडी घेऊन येणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प, तसेच इमारतीतून काढलेला तेवढाच जुना भाग पुरावस्तूत मोडतो. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. १९२० च्या आसपासचे घर आता ही सीमा ओलांडते, म्हणून वर वयाचा एवढा आग्रह धरला. खरेदीदाराकडे परवाना मागा. तो नसेल तर बोलणे तिथेच थांबवा. छायाचित्रे आणि मापे तुमच्याकडे असतील तर चोरी झाल्यावर पोलिसांत दाखवायला पुरावाही असतो.

काम झाल्यावरचा पहिला पाऊस

पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन घराबाहेर उभे राहा. पन्हळीचे पाणी जोत्यापासून किती लांब पडते, वळचणीचे थेंब कोणत्या पायरीवर आदळतात, कमानीच्या कोणत्या बाजूला ओल चढते, ते पाहा आणि तिथेच कोळशाने खूण करा. मग आत येऊन त्याच भिंतीवर हात फिरवा. दोन्हीकडे ओल एकाच जागी असेल तर तिथली दरज अजून उघडी आहे. गवंड्याचे राखून ठेवलेले पैसे देण्याआधी त्याला ती खूण दाखवा.